सुखाची सक्ती

हाताखालच्या माणसांना सुखी करण्यासाठी त्यांचा इतका छळ करणारा दुसरा साहेब अखिल हिंदुस्थानात झाला नसेल. साहेब म्हटला की तो छळणारच, हे मीही जाणते. पुढे नोकरीत मी साहेब काही कमी पाहिले नाहीत. कुणी फायलींवरून छळायचे, कुणी उशिरावरून, कुणी नुसतं स्वतःचा आवाज ऐकायची हौस म्हणून. पण कारकुनाच्या तोंडावर समाधान दिसत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला खुर्चीतून उठवून मागच्या अंगणात पाठवणारा आणि "बरं वाटल्याबिगर आत यायचं न्हाय" असा दम देणारा साहेब मी एकच पाहिला. त्यांना कचेरीत सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, बायको 'हे' म्हणे, आणि बाहेर रांगेत उभी असलेली माणसं काय वाटेल ते म्हणत. त्यामुळे त्यांचं नाव इथे सांगून तरी कुणाला काय कळणार?

आमची कचेरी होती बेकारांना नोकऱ्या लावून देण्याची. लढाई संपली, पलटणी मोडल्या, आणि परत आलेल्या शिपायांना कुठेतरी चिकटवून द्यावं म्हणून सरकारनं जागोजागी असल्या कचेऱ्या काढल्या. तशीच एक कोल्हापुरात आली. पाठोपाठ संस्थान विलीन झालं आणि दरबारची माणसंही रांगेत येऊन उभी राहिली. घोड्यांचे मोतद्दार, बग्गीवाले, हुजरे, पंखेवाले. गंमत म्हणजे आमची कचेरीच मुळी एका रिकाम्या पागेत भरत असे. घोडे गेले आणि त्यांच्या जागी आम्ही आलो. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या, त्यांना आम्ही जेवणाचे डबे अडकवत असू. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की घोड्यांचा असा वास सुटे की नवीन आलेला माणूस दचकून मागे बघायचा. मी बी. ए. झाले होते, वडील शाळामास्तर. मला तिथे बायकांच्या खिडकीवर कारकून म्हणून घेतलं तेव्हा माझी आई म्हणाली, "बरं झालं बाई. नोकरी गेलीच तर तिथल्या तिथे दुसरी मिळेल."

साहेब गडहिंग्लजकडच्या शेतकरी घरातले. लढाईत ते हवालदार-कारकून होऊन इटलीपर्यंत जाऊन आले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली खाकी पँट, पायात तोंड दिसेल असे बूट, आणि या सगळ्यावर गावाकडचा भलाथोरला फेटा. बोलणं अस्सल गावचं, त्यात मधूनच कानडी 'अय्यो' डोकावे. इंग्रजी टिपणं मात्र अशी सुबक लिहीत की वरच्या कचेरीला वाटे, इथे कुणी गोरा साहेब मागे राहून गेला आहे. लढाईतून ते एकच विद्या शिकून आले होते, आणि ती ते आम्हाला पुनःपुन्हा सांगत. "इटलीत आमचा एक कप्तान हुता. रोज सकाळी तोंड वाकडं करून हुकूम द्यायचा. जर्मनाच्या गोळीनं पडली न्हाईत तेवढी मानसं त्याच्या तोंडाकडं बगून आजारी पडली. तवाच म्हनलं, आपल्या हाताखाली कुनी आलं तर त्याला असं जगू द्यायचं न्हाय."

या विद्येचा पहिला प्रयोग रोज सकाळी दारातच व्हायचा. कचेरी उघडायच्या वेळेला साहेब चौकटीला पाठ लावून उभे राहत आणि एकेकाचं तोंड निरखत. "झोप झाली?" "पोटाला काय खाल्लंस?" "घरात भांडान झालंय जनू?" उत्तर काय देता याला किंमत नव्हती, ते डोळ्यांखाली बघत, कपाळाकडे बघत, एकदा तर त्यांनी टायपिस्ट नानिवडेकरांना जीभ दाखवायला लावली. तोंड नापास झालं तर त्या माणसाला खिडकीवर बसायची बंदी. मागच्या अंगणात जाऊन तोंड धुवायचं, गूळ-शेंगदाणे खायचे, लिंबाखाली जरा बसायचं, आणि मग पुन्हा परीक्षेला यायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, बाहेर एवढी रांग खोळंबली आहे." तर म्हणाले, "ताई, खिडकीच्या पल्याड उभा हाय त्यो आधीच निम्मा मेलेला हाय. त्याला आतनं आनिक एक मढं दाखवायचं व्हय?" मी मुकाट जाऊन गूळ-शेंगदाणे खाल्ले.

नानिवडेकर हे त्यांच्या सुखदानाचे सगळ्यांत मोठे बळी. बिचारे टाइपरायटरच्या फितीइतके बारीक होते आणि केवळ चहावर जगत. त्यांना पाहिलं की साहेबांच्या जिवाची तगमग होई. एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर साहेब त्यांना सायकलवर डबलसीट घालून गंगावेशीत घेऊन गेले. तिथे रस्त्याच्या कडेलाच म्हशी उभ्या असतात आणि गवळी समोर पेल्यात धार काढून देतो. नानिवडेकर दूध म्हणजे चहात घालायची वस्तू समजत. साहेबांनी त्यांना फेसाळलेला पेला तोंडाला लावायला लावला, मग दुसरा, आणि वर गवळ्याला सांगितलं, "ह्यांचं तोंड ध्यानात ठेव. रोज येतील." नानिवडेकर दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पोटानं अंथरूण धरलं होतं. आम्हाला वाटलं, साहेब आता ओशाळतील. पण ते खुशीत येऊन म्हणाले, "बगा! दूध लागू पडलं. कवा रजा घेत नव्हता त्यो मानूस. घेतली का न्हाई?"

रजेच्या बाबतीत तर ते अगदीच हळवे होते. रजा न घेणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटे. एकदा पुरुषांच्या खिडकीवरच्या चौगुल्यांवर त्यांची दृष्टी गेली. चौगुले म्हणजे तालमीत घुमलेला धिप्पाड गडी, पण स्वभाव लोण्याचा. सदा हसतमुख. सकाळच्या परीक्षेत कधी नापास म्हणून झाला नाही. "लेका, वरीस झालं, तू रजा घेतली न्हाईस. उद्यापासनं घरात बस," साहेबांनी फर्मावलं. चौगुले गयावया करत होते, "साहेब, नगं. ह्या आठवड्यात नगं." साहेबांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर डोकावले तर बेकारांच्या रांगेत, ओसरीच्या सावलीला, चौगुले मांडी घालून बसलेले. त्यांच्या जागी बसवलेला बदली कारकून नवखा होता. त्यानं त्यांचं नाव, वय, शिक्षण विचारून कार्डसुद्धा भरून घेतलं होतं. साहेब धावत बाहेर आले. "हितं का बसलाईस?" चौगुले उभे राहून म्हणाले, "साहेब, घरात सासू आलीया. ती जाईतोवर हितं बसू द्या की." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि बदली कारकुनाला सांगितलं, "बसू दे. पर त्याला काम लावू नगं. त्यो रजेवर हाय."

दुपारी खिडक्या बंद करून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हाही त्यांचाच कायदा. जेवताना कचेरीचा शब्द काढायचा नाही. जो काढील त्यानं गाणं म्हणायचं. मला वाटतं, यात त्यांचा हेतू निर्मळ होता, पण त्यांनी नानिवडेकरांचा आवाज आधी ऐकायला हवा होता. नानिवडेकरांना कचेरीखेरीज दुसरा विषयच नसल्यामुळे रोज त्यांनाच गावं लागे. हळूहळू त्यांना त्यात गोडी वाटायला लागली आणि ते मुद्दामच कचेरीचे शब्द काढू लागले. मग काय! रोज दुपारी बंद पागेतून ताना ऐकू यायच्या. त्या काळी कोल्हापुरात सिनेमाच्या कंपन्यांचं वेड पोराबाळांपर्यंत होतं. आठ-पंधरा दिवसांत रांगेत निराळीच माणसं दिसू लागली. केसांना तेल चोपडलेली, गळ्याला रुमाल बांधलेली. मलकापूरकडचा एक मिशाळ गडी थेट साहेबांपुढे येऊन उभा राहिला, छाती फुगवली आणि गडगडाटी हसला. साहेब चपापले. "काय झालं, पावणं?" "काय न्हाय. दुष्ट मानसाचं काम जमतंय म्हनून दाखवलं. कंपनी हीच न्हवं?" साहेबांनी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि ते हसणं पुन्हा एकदा हसून दाखवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो एका गुळाच्या अडत्याकडे गोदामाचा राखणदार म्हणून लागला. "नुस्तं हसला तरी चोर पळत्याल," अशी साहेबांनी शिफारस केली होती.

मी बाईमाणूस असल्यानं माझ्या सुखाचं काय करावं, हे त्यांना बरेच दिवस कळेना. तालमीत धाडता येईना, दुधाला नेता येईना. शेवटी त्यांनी मला आपल्या बायकोच्या स्वाधीन केलं. कचेरी सुटली की वैनी पागेच्या दाराशी हजर असत, आणि आम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचं. हुकूमच होता तसा. वैनी अंगानं भक्कम, बोलायला धडाधड. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "ताई, तुमास्नी फिरायचं नसलं तर सांगा, हितंच कट्ट्याला टेकून बसू. ह्यांस्नी काय कळतंय? घरात पन असंच करत्यात. मागं म्हनले, म्हशीलाबी हप्त्यातनं एक दीस सुट्टी पायजे. धार काढू नगा म्हनले. सांच्याला ती म्हस अशी वराडाय लागली की गल्ली गोळा झाली. मग गेले मुकाट बालदी घेऊन." आम्ही दोघी काठावर बसून पोट धरधरून हसलो. ते सुख मात्र सक्तीचं नव्हतं.

हे असं सारं हसण्यावारी चाललं होतं, पण कचेरीचं काम हसण्याचं नव्हतं. जागा थोड्या आणि माणसं उदंड. दिवसभर खिडकीवर बसून आम्ही एकच वाक्य बोलत असू, "अजून काही नाही." समोरचा माणूस चिडला तर बरं वाटे, निदान त्याच्याशी भांडता येई. चौगुल्यांच्या खिडकीवर एक म्हातारा माहूत यायचा. दरबारचा हत्ती सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. त्याच्या कार्डावर काय काम लिहावं हेसुद्धा आम्हाला उमगत नसे. चौगुले म्हणत, "अजून न्हाय, बाबा." म्हातारा म्हणे, "असू दे, लेका. तुजं कल्यान होऊ दे. उद्या येतो." आणि खरंच उद्या येई. एकदा जेवताना चौगुले मला हसत हसत म्हणाले, "ताई, म्हाताऱ्यानं एकदा तरी शिव्या द्याव्यात बगा. लई बरं वाटंल." मला ती थट्टा वाटली. साहेबांनाही वाटली. त्यांनी कचेरीचा विषय काढल्याबद्दल चौगुल्यांना गाणं म्हणायला लावलं.

मग एका आठवड्यात पुरुषांच्या रांगेचा नूर पालटला. माणसं खिडकीवरून परतताना हसू लागली. एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, विड्या पेटवत घरी जाऊ लागली. साहेब दारातून ते कौतुकानं बघत आणि आम्हाला म्हणत, "शिका काय तरी चौगुल्याकडनं. गोड बोलून पाठवनं ह्येला म्हनत्यात." माझी खिडकी पागेच्या दुसऱ्या टोकाला होती, चौगुले नेमकं काय गोड बोलतात ते मला कधी ऐकू आलं नाही.

ते सोमवारी कळलं. मी कचेरीच्या वळणावर आले तर पागेपुढं जत्रा. धुतलेले सदरे, नवे बांधलेले फेटे, कुणाबरोबर बायको-पोरं, एकानं तर हातात पेढ्यांचा पुडा धरलेला. मलकापूरच्या गाडीनं उतरलेला एक जण वळकटी आणि ट्रंक घेऊनच आला होता. तो म्हातारा माहूत सगळ्यांत पुढं, दाढी करून. आणि या गर्दीत मागे एक जीप अडकून भोंगा वाजवत होती. तिच्यात तपासणीसाठी आलेले पुण्याचे मोठे साहेब बसले होते.

गेला आठवडाभर चौगुले एकेकाला सांगत होते, "हाय की! जागा हाय. सोमवारी या."

आम्ही आत शिरलो तेव्हा चौगुले आपल्या खिडकीशी बसलेले होते. चेहरा हसराच होता, तसाच, रोजच्यासारखा. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. साहेबांनी दारातून एकदा बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं, एकदा चौगुल्यांकडे पाहिलं.  जवळ जाऊन त्यांचा फळीवरचा हात उचलला, त्यांना उठवून आत माझ्या खुर्चीत बसवलं, आणि खिडकी लावली. चौगुले एवढंच म्हणाले, "साहेब, मला 'न्हाय' म्हनायचं हुईना झालं."

"बरं," साहेब म्हणाले आणि बाहेर गेले.

दाराशी घोड्यावर चढण्यासाठी केलेला दगडी ओटा होता. त्यावर ते उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज रंकाळ्यापर्यंत जाई. त्या दिवशी मला दारातसुद्धा कान द्यावा लागला. "मंडळी, जागा न्हाईत. तुमास्नी खोटं सांगितलं गेलं. ते माझ्या कचेरीनं सांगितलं, म्हंजे मी सांगितलं. माझं चुकलं." मागून कुणी ओरडलं, "आमची चेष्टा करतोस व्हय रं?" आणि एक चप्पल भिरभिरत येऊन साहेबांच्या फेट्यावर बसली. फेटा खाली पडला. मी त्यांना तसं उघड्या डोक्यानं पहिल्यांदाच बघत होते. मधोमध टक्कल होतं. नानिवडेकर पोलिसाला बोलवायला निघाले, त्यांना साहेबांनी हातानं थांबवलं. वाकून चप्पल उचलली, झटकली आणि विचारलं, "कुनाची हाय ही? घेऊन जा बाबा. ऊन लई झालंय, पाय भाजत्याल."

कुणी पुढं आलं नाही. पण त्यानंतर दुसरी चप्पलही आली नाही. पेढेवाला मनुष्य पुडा कुठे लपवावा हे न कळून तो पाठीमागे धरून उभा राहिला.

पुण्याचे साहेब एव्हाना घामाघूम होऊन ओट्यापर्यंत पोचले होते. "हा काय प्रकार आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आमच्या साहेबांनी फेटा काखेत घेतला, सलाम ठोकला आणि मराठीत म्हणाले, "सांगतो. आधी जीप द्या." त्यांना होय-नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. पुण्याचे साहेब, आमचे साहेब आणि कार्डांचे गठ्ठे मांडीवर घेतलेली मी, असे आम्ही जागा मागत गावभर हिंडलो. गुळाच्या अडती झाल्या, एस्टीचा डेपो झाला, तेलाच्या गिरण्या झाल्या, खानावळी झाल्या. प्रत्येक दारात आमचे साहेब मागच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणत, "हे पुन्याहून मुद्दाम तुमच्यासाठी आल्यात. ह्यांना रिकाम्या हातानं धाडनं बरं दिसतंय व्हय?" पुण्याचे साहेब आधी रागानं लाल झाले, मग उन्हानं. दुपारी एका अडत्यानं त्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं, तेव्हापासून तेही बोलू लागले. शेवटच्या गिरणीत तर मालकाशी तेच हुज्जत घालत होते.

थोड्या माणसांची सोय झाली. पुष्कळांची झाली नाही. माहुताला त्या दिवशीही काही मिळालं नाही. पुढे गावात एक सर्कस आली, तिच्याबरोबर तो गेला.

संध्याकाळी पागेत चौकशी बसली. पुण्याचे साहेब काही खुळे नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही अंगावर घेता आहात हे मला दिसतं. पण या कारकुनाला ठेवता येणार नाही." आमचे साहेब उभेच होते. "साहेब, त्यो आजारी हाय. रोज सकाळी दारात मी सगळ्यांची तोंडं बगतो. ह्यो हसत यायचा, म्हनून मी ह्येला रोज पास केला. मला वाटलं, हसतोय म्हंजे बरा हाय. इटलीपस्तोर जाऊन आलो आन एवढं कळलं न्हाय मला. कुनाला काढायचं तर बगनाऱ्याला काढा."  पुण्याच्या साहेबांनी टोपी घातली, दारापर्यंत गेले, आणि वळून म्हणाले, "त्यांना रजा द्या. सक्तीची." आमच्या साहेबांच्या बदलीचा हुकूम मात्र महिन्याभरात आला. खानदेशात कुठेतरी.

जायच्या आधी एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना एस्टी स्टँडवर बोलावलं. चौगुले, नानिवडेकर, मी आणि वैनी. कुठे जायचं ते सांगेनात. जयसिंगपूरच्या गाडीत चढवलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. गाडी खचाखच भरली. कंडक्टर एक काटकुळा तरुण होता, घंटा वाजवत, कोंबड्यांच्या खुराड्यांवरून उड्या मारत तो आमच्यापाशी आला आणि चौगुल्यांवर खेकसला, "ओ दादा, घरचा पलंग हाय व्हय ह्यो? सरका की तिकडं! बाई उभी हाय, दिसंना?" चौगुले धडपडून सरकले. मग त्यांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "साहेब," ते हळूच म्हणाले, "हा माझ्या खिडकीवर यायचा. दोन वर्सं यायचा. तवा मान वर करून बोलत नव्हता." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "आन आता वरडतोय," ते म्हणाले. चौगुले म्हणाले, "त्यानं मला वळखलंबी न्हाय हो!" "कशाला वळखंल? कामात हाय त्यो." पुढच्या थांब्यापर्यंत चौगुले त्या कंडक्टरकडंच बघत होते. मग एकाएकी ते असे हसायला लागले की नानिवडेकर घाबरले. पण साहेबांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मान हलवली. हे हसू वेगळं होतं.

पुढे साहेब खानदेशात गेले, तिथून आणखी कुठे, आणि शेवटी पेन्शन घेऊन गावी परतले. मधल्या काळात आमच्या कचेरीत दोन साहेब येऊन गेले. दोघेही सज्जन. आम्ही वेळेवर येत होतो, वेळेवर जात होतो.

मी त्यांना शेवटची भेटले ती गडहिंग्लजला एका लग्नाच्या निमित्तानं. त्यांचं गाव तिथून जवळच. उसाचं रान, विहीर, पुढं छपराचा सोपा. साहेब रानात गेले होते. वैनींनी मला चुलीपुढं पाटावर बसवलं आणि नेहमीसारख्या धडाधड बोलत राहिल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "कोल्लापुरात हुतो तवा तुमी समदी ह्यांस्नी बगून हसायचासा. आन हे सांच्याला घरला आले की उंबऱ्यावर बसायचे. बूट काढायचंबी ध्यान नसायचं. मी तीन येळा जेवाय हाक मारायची, तवा उठायचे. काय झालं म्हनलं तर म्हनायचे, 'काय न्हाय. आज लई मानसं परत गेली.' रोज तेच." त्यांनी भाकरी थापायला घेतली. "सकाळी पुन्ना बूट पुसून, फेटा बांधून तयार."

तेवढ्यात साहेब आले. अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. मला पाहून त्यांना काय करू अन् काय नको झालं. नानिवडेकर दूध पितात का, चौगुल्याचं पोरगं शाळेत जातंय का, माझी खिडकी कुठल्या बाजूला आहे, तिला वारा लागतो का, सगळं विचारून झालं. मला पोचवायला ते स्टँडपर्यंत आले. कोल्हापूरची गाडी लागलेली होती. मी चढता चढता थांबले आणि विचारलं, "साहेब, तुम्ही कसे आहात?"

"ऊस बरा हाय यंदा. हिरीला पानी हाय. थोरला तिकडं हुबळीला लागला."

"तसं नव्हे, साहेब. तुम्ही कसे आहात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. असलं काही आपल्याला कुणी विचारील असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. टॉवेल काढून त्यांनी कपाळ पुसलं. कंडक्टरनं घंटा मारली.

"आता बरा हाय," साहेब म्हणाले. "बसा ताई, गाडी सुटली."

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे आडवे-तिडवे हलत होते. शेजारच्या बाईनं मला विचारलं, कोन लागत्यात तुमचं?  त्यांच्या त्या 'आता'पाशीच मी अजून अडकले होते.